कणकेच्या तेरा वसाहती

नकाशा कागदावरच चांगला निघतो. कागद दारातून आत जातो, गुंडाळून कपाटावर ठेवता येतो, आणि त्याच्यापायी निम्म्या गावाला घटाघटा पाणी प्यावं लागत नाही. हे शहाणपण मला उशिरा आलं. मार्च महिन्यात मी आमच्या मुख्याध्यापिका मिस टिअर्नी यांच्यासमोर उभी होते आणि त्यांच्या हातात माझ्या पाचवीच्या वर्गाचे पेपर होते.

इंग्लंडच्या राजाच्या तेरा वसाहती कोऱ्या नकाशात भरायच्या, एवढाच प्रश्न होता. एकानं त्यात हवाई घातलं होतं. एकीनं मॅसॅच्युसेट्स उचलून फ्लोरिडाच्या शेजारी ठेवलं होतं, बहुधा थंडी बाधू नये म्हणून. इंग्लंड सोडून आलेले पिलग्रिम लोक कोणता समुद्र ओलांडून आले, याला 'मिसिसिपी' असं उत्तर आलं होतं. आणि तोंडी परीक्षेत 'उत्तर दिशा दाखवा' म्हटल्यावर अर्ध्या वर्गानं छताकडे बोट केलं होतं. त्यांचंही काही चुकलं नाही म्हणा. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर तिकडेच असते.

"मिसेस सोबोलेव्स्की, मी तुम्हाला बोल लावत नाही," मिस टिअर्नी म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी इतिहास-भूगोलाचा तास काढून तो टायपिंगला द्यावा, असं शाळेच्या मंडळाचं म्हणणं आहे. निदान मुलांची बोटं तरी चालतील."

"शाळेच्या वसाहत दिनापर्यंत थांबा," मी म्हटलं. "मंडळाची माणसं त्या दिवशी येतातच. मुलं त्यांच्यासमोर तेराच्या तेरा वसाहती दाखवतील. पाठ केलेल्या नव्हे, कळलेल्या."

"आणि नाही दाखवल्या तर?"

"तर तास तुमचा."

"दाखवणार कशावर?"

"मिठाच्या कणकेच्या नकाशावर. मोठ्या."

"म्हणजे किती मोठ्या?"

मी हात पसरून दाखवलं. मी हळू बोलणारी बाई आहे, पण माझे हात लांब आहेत.

मिठाची कणीक आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. मैदा, मीठ आणि पाणी मळून मुलाच्या शाळेसाठी पुठ्ठ्यावर एखादं राज्य थापलं नाही, अशी आई या खोऱ्यात सापडायची नाही. डोंगर चिमटीनं वर ओढायचे, नद्या काडीनं कोरायच्या. वाळलं की दगड होतो, मग रंगवायचं. मी फक्त पुठ्ठ्याच्या जागी प्लायवुड घ्यायचं ठरवलं आणि एका राज्याच्या जागी तेरा वसाहती.

इथं एक सांगून टाकते, नाहीतर पुढं मी इतकं ऐकून का घेतलं असा प्रश्न पडेल. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. सकाळची चर्चमधली मिस्सा आणि संध्याकाळची जपमाळ माझी बारा महिने असतेच. पण उपवासकाळात आम्ही प्रत्येक जण आवडती एखादी गोष्ट सोडतो. माझ्या नवऱ्यानं, कॅझनं, बिअर सोडली होती. मी कुरकुर सोडली होती. कुणाला तोडून बोलायचं नाही, कुणाबद्दल तक्रार करायची नाही, कुणी सल्ला दिला तर शांतपणे 'बघते' म्हणायचं. कॅझचं व्रत सोपं होतं. त्याला रोज घरी येऊन कुणी बिअर पाजत नव्हतं. मला मात्र घरी येऊन सल्ले पाजणाऱ्यांची रांग लागली.

पहिला नंबर शेजारच्या थर्लो बॅबकॉक यांचा. त्यांचे पूर्वज कनेक्टिकटहून या खोऱ्यात आले. या गोष्टीला अडीचशे वर्षं होऊन गेली, पण बॅबकॉक अजून सामान सोडल्यासारखे वाटत नाहीत. आमच्या गॅरेजात दोन प्लायवुड जोडून मुलांनी त्यावर पेन्सिलीनं आकार काढला होता. तो बघून ते म्हणाले, "अ‍ॅग्नेस, चुकलंय."

"काय चुकलं?"

"हे आपलं खोरं तू पेनसिल्व्हेनियात दाखवलंयस."

"आपण पेनसिल्व्हेनियातच आहोत ना, मिस्टर बॅबकॉक?"

"आज आहोत. नकाशा कधीचा आहे? वसाहतींचा. राजाची सनद कनेक्टिकटला आधी मिळाली. पट्टा इथून असा निघतो, न्यूयॉर्कच्या पलीकडे, या खोऱ्यावरून, तो थेट समुद्रापर्यंत."

"समुद्र तर या बाजूला आहे."

"पलीकडचा समुद्र."

"पण तिथपर्यंत प्लायवुड नाही."

"ती तुझ्या प्लायवुडची अडचण आहे. सनदेची नाही."

मी 'बघते' म्हटलं. बॅबकॉक यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि दुसऱ्या दिवशी येऊन लाल खडूनं पट्टा आखून गेले.

तोवर शाळेनं नकाशाला जागा नाकारली होती. वर्गात तो मावेना, आणि व्हरांड्यात ठेवला तर आग लागल्यावर मुलांना नॉर्थ कॅरोलायनावरून उडी मारून बाहेर पडावं लागेल, असं निघालं. राहिलं चर्चचं तळघर. तिथं काही ठेवायचं तर विमा बघणाऱ्या ऑफिसला फोन करावा लागतो. तिथल्या बाईंचा आवाज फार गोड होता.

"वस्तू कोणत्या प्रकारात मोडते? फर्निचर, खाद्यपदार्थ की मूर्ती?"

"नकाशा आहे. कणकेचा."

"मग खाद्यपदार्थ."

"नाही हो, खाता येत नाही. फार मीठ असतं."

"खाता येत नाही तर स्वयंपाकघराशेजारी ठेवता येणार नाही. खाता येत असेल तर ठेवता येईल, पण मग आरोग्य खात्याचा माणूस येऊन बघेल. मूर्ती म्हणालात तर काहीच लागत नाही."

मोह झाला. पण उपवासकाळात व्हर्जिनियाला मूर्ती म्हणणं माझ्या जिभेवर आलं नाही. शेवटी बाईंनाच माझी दया आली. "नाताळात तुम्ही गोठ्याचा देखावा करता ना? त्या खाली घालते. तात्पुरता देखावा. त्यात मेंढ्या आहेत का?"

"न्यू इंग्लंडमध्ये असतील."

"मेंढ्या आहेत," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

परवानगी मिळाली. प्लायवुड मात्र तळघरात जाईना. कॅझनं तळघराचं दार मापलं होतं, जिन्याचं वळण मापलं नव्हतं. अर्धा तास ते दोन फळ्यांचं धूड खाली-वर करून, वाटेतल्या संताच्या पुतळ्याची क्षमा मागून, कॅझनं करवत काढली. करवत नेमकी पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडच्या मधून गेली. ती रेघ ठरवायला त्या दोन वसाहती पिढ्यान् पिढ्या भांडल्या होत्या. माझ्या नवऱ्यानं ती एका घामात आखून दिली. खाली नेऊन त्यानं दोन्ही तुकडे पुन्हा स्क्रूनं जोडले आणि म्हणाला, "तुझ्या देशाची फाळणी झाली, एकीकरण झालं, आणि मला अजून बिअर नाही."

पण जमिनीवर आडवा पडलेला नकाशा बघून माझा जीव सुखावला. मुलं त्याच्याभोवती फिरली. मी होकायंत्र दिलं. उत्तर छतात नसून बॉयलरच्या बाजूला आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि त्याच वेळी समुद्र जिन्याकडे असल्याचंही कळलं. त्या एका तासासाठी मी आणखी दोन सनदा ऐकल्या असत्या.

तळघराचं स्वयंपाकघर मिसेस हुडाक यांचं. तसं ते चर्चचं आहे, पण हे फादरसुद्धा त्यांच्यासमोर बोलत नाहीत. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आमच्या बायका तिथं पिएरोगी करून विकतात. मऊ कणकेच्या करंजीत बटाटा आणि चीज भरायचं, उकडायचं, वर लोण्यातला कांदा. सगळं गाव रांग लावतं आणि त्या पैशावर शाळेचं छप्पर टिकतं. मिसेस हुडाक यांचा एक कडक नियम आहे: विक्री संपेपर्यंत करणाऱ्यांपैकी कुणी कणभर तोंडात टाकायचं नाही. सारणाची चव आदल्या दिवशी घ्यायची. शुक्रवारी हात चालायचे, तोंड नाही.

त्यांनी लाल पट्टा बघितला आणि कंबरेवर हात ठेवले.

"हे काय आहे, अ‍ॅगी?"

"मिस्टर बॅबकॉक म्हणतात, हे खोरं तेव्हा कनेक्टिकटचं होतं."

"माझा स्टीव्ह याच खोऱ्यात जन्मला, इथल्याच खाणीत राबला, इथल्याच टेकडीवर पुरलाय. बॅबकॉकला सांग, स्टीव्ह हुडाक जन्मात एकदा कनेक्टिकटला गेला होता, एका लग्नाला, आणि तिथलं जेवण त्याला आवडलं नव्हतं."

"बघते," मी म्हटलं.

"बघायचंय काय त्यात? पूस ते."

मी पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा पुन्हा होता. तोही पुसला. कनेक्टिकट आणि पेनसिल्व्हेनियाच्या लोकांनी या खोऱ्यासाठी एकमेकांवर बंदुका चालवल्या होत्या. आम्ही खडू आणि ओल्या फडक्यावर भागवत होतो, हीही एक प्रगतीच.

वसाहत दिन शनिवारी होता. बुधवारी संध्याकाळी मी मिठाची कणीक मळली. बॅबकॉक तळघरात पट्ट्याची पाहणी करायला आले होते आणि मिसेस हुडाक त्यांची पाहणी करत होत्या, त्यामुळे मला दोघांचेही सल्ले एकदम मिळाले. बॅबकॉक म्हणाले, मीठ जाड घे. मिसेस हुडाक म्हणाल्या, "कणीक मळली की लगेच थापू नये, पोरी. ओलं फडकं टाकून रात्रभर निवू द्यावी. कुठलीही कणीक असो. माझ्या फ्रिजमध्ये ठेव, खालच्या फळीवर."

मिठाच्या कणकेला निवण्याची काही गरज नसते. पण माझं व्रत होतं. मी 'बघते' म्हटलं, आणि बघून ठेवली. खालच्या फळीवर, पांढऱ्या बादल्यांत, ओल्या फडक्यांखाली. वरच्या फळीवर तशाच पांढऱ्या बादल्यांत, तशाच ओल्या फडक्यांखाली, शुक्रवारच्या पिएरोगीची कणीक होती. नंतर कुणीतरी दुधाचे डबे ठेवायला बादल्या हलवल्या. कुणी, ते मला माहीत आहे. पण तक्रार करायची नाही असं ठरलं होतं, आणि तो माझा नवरा आहे.

गुरुवारी मुलांनी तळघरात नकाशा थापला. कणीक किती मऊ आली, याचंच मला कौतुक. मेनपासून जॉर्जियापर्यंत छोटे छोटे हात चालत होते. रोझालियानं अ‍ॅपलाचियन डोंगर इतक्या मायेनं चिमटीत धरून उभे केले की तिच्या आजीचा हात आठवावा. करंजीची कड मुडपावी तशी डोंगररांग मुडपली होती. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. डॉमिनिकनं चेसापीकचा उपसागर चमच्यानं कोरला. कोणती वसाहत कुठं संपते आणि कोणती कुठं सुरू होते यावरून दोनदा भांडण झालं, आणि दोन्ही वेळा मुलं पुस्तक उघडून बघायला धावली. मी त्या दिवशी जपमाळेचे पाचही भाग आभाराचे म्हटले.

शुक्रवारी दुपारी मी विक्रीच्या टेबलावर उभी होते. मागून मिसेस हुडाक यांचा आवाज येत होता: "यंदाचा मैदा मेला काही धड नाही. लाटताना फाटतोय. आणि खरखरीत कसा?" पण चव कोण घेणार? नियम म्हणजे नियम.

पहिला घास मिस्टर बॅबकॉक यांनी घेतला. ते आमच्या पंथाचे नाहीत, पण शुक्रवार चुकवत नाहीत. त्यांनी घास तोंडात ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सनद हातातून निसटल्यासारखा भाव आला. मग ते शांतपणे उठून पाण्याच्या नळाकडे गेले. त्यांच्यामागे त्यांचं टेबल गेलं. मग शेजारचं टेबल. थोड्या वेळात पिएरोगीपेक्षा पाण्याची रांग मोठी झाली.

मिसेस हुडाक बाहेर आल्या. एका प्लेटमधली पिएरोगी त्यांनी नखानं उकरली, बोट जिभेला लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचाच नियम मोडताना मी पाहिलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नकाशाकडे बघितलं. मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"अ‍ॅगी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुझा देश माझ्या कणकेचा आहे."

"हो, मिसेस हुडाक."

"त्यात अंडी आहेत. साय आहे. ती कणीक माझ्या आईची आहे."

"हो, मिसेस हुडाक."

"आणि मी गावाला काय खायला घातलं? रोड आयलंड?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांना पैसे परत करायचं फादरांनी जाहीर केलं आणि हा गोंधळ 'एका पुण्यवान भगिनीच्या हातून' झाल्याचं सांगितलं. त्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गावात पुण्यवान भगिनी पुष्कळ आहेत. पण माझ्या एप्रनवर निळ्या रंगात अटलांटिक महासागर सांडला होता.

मी नकाशाशी गेले. मिठाची कणीक वाळून दगड होते. पिएरोगीची कणीक निवून ऐसपैस होते. अ‍ॅपलाचियन डोंगर बसले होते. बसता बसता त्यांनी सगळा किनारा पुढं ढकलला होता, आणि न्यू जर्सी समुद्रात पाय सोडून बसलं होतं. चेसापीक बुजला होता. डेलावेअर सापडेना.

"मोठा पंखा लावू," कॅझ म्हणाला. "आणि हीटर. सकाळपर्यंत कडक होईल." त्याला आपल्या हातून काय झालंय हे कळलं होतं, त्यामुळे तो फार प्रेमळपणे वागत होता. मी 'बघते' म्हटलं नाही. 'लाव' म्हटलं. माझा मैदा संपला होता, मिसेस हुडाक त्यांच्या उरलेल्या मैद्यावर हात ठेवून बसल्या होत्या, आणि माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. पण मी शब्द दिला होता. मुलांना वसाहती येतात, हे मला माहीत होतं. नकाशा पसरला म्हणून ते खोटं ठरू देणार नाही, हे मी त्या ओल्या किनाऱ्याशी बसून ठरवलं.

हीटरनं वरची साय कडक केली आणि आतली कणीक आणखी सैल केली. शनिवारी सकाळी नकाशावर पातळ पापुद्रा होता आणि त्याखाली सगळं हळूहळू समुद्राकडे चाललं होतं.

मुलं आली. मुलींच्या डोक्यावर वसाहतकाळातल्या पांढऱ्या टोप्या, मुलांच्या डोक्यावर कागदाच्या तिकोनी टोप्या. बरणीत साय हलवून लोणी काढायचा खेळ एका कोपऱ्यात चालू होता. मंडळाची माणसं हात मागं बांधून जिना उतरली. मिस टिअर्नी पुढं होत्या. बॅबकॉक आणि मिसेस हुडाक दोन टोकांना उभे होते, मध्ये शक्य तेवढं अंतर ठेवून.

मिस टिअर्नींनी नकाशाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मिसेस सोबोलेव्स्की, हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. पण मी हळू बोलते, आणि माझ्या आधी रोझालिया बोलली.

"मिस, हे सगळं चुकलंय."

"कसं काय?" मंडळातल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"डोंगर इथं नसतात. ते इकडे, आत असतात. म्हणून तर सुरुवातीचे लोक किनाऱ्यालाच राहिले, पलीकडे जाता येत नव्हतं."

"आणि चेसापीक बुजलाय," डॉमिनिक म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, कारण चमचा त्याचा होता. "जहाजं आत कशी जाणार? व्हर्जिनियाच्या तंबाखूचं काय होणार?"

"डेलावेअर कुठाय? डेलावेअर न्यू जर्सीखाली गेलंय, वर करा त्याला."

"जॉर्जिया एवढं वर नसतं. ते सगळ्यात शेवटी वसलं, आणि सगळ्यात खाली आहे."

आता कुणी कुणाला थांबवत नव्हतं. मुलं नकाशाभोवती फिरत होती आणि वसाहतीमागून वसाहतीची चूक काढत होती. बरोबर नकाशावर एका वसाहतीसाठी एक नाव सांगून ती गप्प बसली असती. चुकलेल्या नकाशावर ती कारणं सांगत होती. मी मध्ये पडले नाही. मला मध्ये पडायला जागाही नव्हती.

बॅबकॉक यांना राहवलं नाही. "आणि हे खोरं? हे कुणाचं, ते सांगा बघू."

"पेनसिल्व्हेनियाचं," मिसेस हुडाक म्हणाल्या.

"मुलांना विचारलंय मी, बाई."

मग रोझालिया म्हणाली, "राजानं आधी कनेक्टिकटला दिलं, आणि मग तेच पेनसिल्व्हेनियाला पण दिलं. त्यानं ही जागा कधी बघितलीच नव्हती. त्यामुळे तुम्ही दोघं पण बरोबर आहात, आणि चूक राजाची आहे."

"आणि लेनापी लोक आधीच इथं राहत होते," एक मुलगी म्हणाली. "त्यांना तर कुणी विचारलंच नाही."

बॅबकॉक यांनी लाल खडू खिशात टाकला. मिसेस हुडाक त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी ये, थर्लो. फुकट देईन. बिनमिठाचं."

मंडळाच्या गृहस्थांनी मिस टिअर्नींच्या कानात काहीतरी सांगितलं. मिस टिअर्नी माझ्याजवळ आल्या. "तास राहील," त्या म्हणाल्या. "पण मला एक कळत नाही. हे असं ठेवून कसं चालेल? दुपारी पालक येणार आहेत."

"आतून अजून मऊ आहे, मिस," डॉमिनिक म्हणाला, आणि कुणाला न विचारता त्यानं बाह्या वर केल्या.

मग सगळ्यांनीच केल्या. पांढऱ्या आणि तिकोनी टोप्या नकाशावर वाकल्या. ओल्या तळव्यांनी ती मुलं किनारा मागं रेटू लागली, पश्चिमेकडे, इंचाइंचानं. समुद्राला त्याची जागा परत मिळू लागली. मिसेस हुडाक मैद्याची परात घेऊन आल्या आणि मुलांच्या हातांवर मैदा भुरभुरत फिरल्या. मग मिस टिअर्नींनी अंगठी काढून खिशात ठेवली, गुडघे टेकले आणि एक गोळा हातात घेतला.

"हे मेरीलँड इथंच ना?" त्यांनी विचारलं.

"नाही मिस," रोझालिया म्हणाली. "अजून खाली."

त्यांनी गोळा खाली सरकवला.

"अजून थोडं."